चारशे सदतीस

जानेवारीत शाळेने जुना पियानो काढला.
मला बोलावलं ते सूर लावायला नव्हे,
चौघांना जिन्यावर वजन पेलेना म्हणून पाचवा.
निघताना क्युलिकेबाईंनी माझ्या गाडीत
एक लांबट खोकं सरकवलं.
"आठवडाभर घरी ठेवा, शिका, मग आम्हाला सांगा.
आम्हाला बटणांची भीती वाटते."

काळा, सडपातळ, बारा किलोचा.
मी खालून पाहिला, मागून पाहिला, स्क्रू मोजले.
याला पोटच नाही.
चाळीस वर्षं दोनशे वीस तारांशी भांडलो
आणि आता हा जावई घरी आला,
कधी बेसूर न होणारा,
आणि न विचारता काही न बोलणारा.

पुस्तिका नऊ भाषांत. एस्टोनियन नाही.
अर्धी जर्मनमधून वाचतो, अर्धी रशियनमधून,
दोघींचं पटत नाही तिथे बटण दाबून बघतो.
'फंक्शन' दाबून धरायचं, मग एक पट्टी :
हिच्यामागे मेट्रोनोम, तिच्यामागे चर्चचा ऑर्गन,
काळी दोनच्या मागे म्हणे बोटांचं वजन,
हलकं, मध्यम, जड.
माझी बोटं कुठल्या खान्यात बसतात
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. मध्यम.

हेडफोन लावून रात्री बाराला वाजवत बसलो,
माझ्या कानात अख्खं सभागृह.
खालची लूले नाईटगाऊनवर वर आली :
"एन्देल, ह्या वेळी कसलं सुतारकाम?"
तिला ऐकू गेला होता नुसता पट्ट्यांचा
ठकठक ठकठक लाकडी आवाज.
तिला आत घेतलं, हेडफोन दिला.
ऐकून म्हणाली, छान आहे,
पण मला खालूनच जास्त आवडलं.

बुधवारी एक पान सापडलं आणि मी हसत सुटलो.
पेडल सोडतानाचा सुस्कारा : चालू, बंद.
पट्टी वर येतानाची खुडबुड : शून्य ते दहा.
शेजारच्या तारेचं उगाच गुणगुणणं : शून्य ते दहा.
अरे, हे घालवायचे तर मी पैसे घेत होतो!
गुडघ्यांवर बसून, पाचर आणि नमदा घेऊन,
एकेक खुडबूड हुडकून मारली मी.
कारखान्यात कुणीतरी त्या सगळ्या गोळा केल्या,
धुतल्या, आणि आकडे लावून परत विकल्या.
मी सगळ्या दहावर नेल्या. थोडा वेळ.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते.
शाळेचा पियानो चारशे चाळीसला कधीच नव्हता.
त्याची आतली फळी तडकलेली, ताण झेपेना.
एकोणीस वर्षं मी त्याला चारशे सदतीसवर ठेवला
आणि वहीत लिहिलं : ठीक.
गावातली दोन पिढ्यांची पोरं
त्या तीन आकडे खालच्या सुरात गाऊन मोठी झाली,
लग्नातही तिथूनच उचलतात.

पान एक्केचाळीस. 'फंक्शन' धरा,
डावीकडच्या शेवटच्या दोन पट्ट्या एकत्र दाबा.
एकदा दाबलं की एक दशांश खाली.
तीसदा दाबलं.
मग शाळेचं गाणं वाजवलं
आणि खोलीत खडूचा वास आला, खोटं कशाला बोलू.

पण अर्धा तास हात लावला नाही
तर हा स्वतःच झोपतो,
उठला की सगळं विसरलेला. चारशे चाळीस.
पुस्तिकेत यावर उपाय नाही, नऊही भाषांत.

म्हणून सोमवारी शाळेत तावेतला शिकवलं.
वय दहा, कान स्वच्छ, नखं घाणेरडी.
रोज सकाळी, प्रार्थनेआधी, तीसदा. मोजून.
क्युलिकेबाईंना वाटतं तो पुसतोय.

गुरुवारी त्याचा फोन आला, दबक्या आवाजात :
"आज मध्येच बाई आल्या, एकोणतीसच झाले.
कुणाला कळलं नाही. मला कळलं."

एक दशांश. तेवढं माणसाच्या कानाला
कळतच नाही, माझ्याही नाही.
हे मी त्याला बोललो नाही.
म्हटलं, उद्या नीट मोज.