दुसरं गिऱ्हाईक

चोपडा–जळगाव, सकाळी सव्वासहाची गाडी.
अडावदला संडास आहे, नळाला पाणी नाही.
धानोऱ्याला हॉटेलवाला ओळखीचा, किल्ली देतो.
विदगाव सुटलं की तापीचा पूल, आणि पुलावर काहीच नाही.
खाली रुंद पाणी,
वर मी, मांड्या आवळून सुटे पैसे मोजत.

दोन वर्षं मूळव्याध समजून काढली.
भिंतीभिंतीवर रंगवलेलं होतंच: विना ऑपरेशन, हमखास आराम.
पुड्या खाल्ल्या, सुरण खाल्ला, ताक प्यायले.
रक्त आपलं येतच राहिलं,
नवं लुगडं पहिल्या धुण्याला रंग सोडतं तसं.
लुगडं निदान तिसऱ्या धुण्याला थांबतं.

जळगावच्या डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून दाखवलं,
हे बघा ताई, तुमचं आतडं.
ओल्या भिंतीचे पोपडे निघावेत तसं लाल, सोललेलं.
आजवर त्याला शिव्याच दिल्या होत्या.
त्या दिवशी पहिल्यांदा कीव आली.

मग स्टेरॉइड. चाळीसपासून सुरू,
आठवड्याला पाचनं कमी, भाड्याच्या टप्प्यांसारखं.
रक्त थांबलं, झोपही गेली.
रात्री तीनला मी डाळीचे डबे घासायचे,
उभ्या उभ्या चार भाकरी खायचे.
तोंड फुगून ताटाएवढं झालं
तर सासू म्हणाली, आते कशी साजरी दिसस व माय!

निजताना बाटलीतलं औषध मागून घ्यायचं,
डाव्या कुशीवर पडायचं, हलायचं नाही.
लोटन पाठीशी बसलेला.
‘झालं का?’ विचारायचा, अंधारात.
सतरा वर्षांच्या संसारात
इतकं हळू तो कधी बोलला नव्हता.

चार महिने कोरडे गेले. मी गोळ्या सोडल्या.
बरी आहे, मग गोळी कशाला?
पौषात भरीत झालं, कळण्याची भाकरी, वर तेल.
आठव्या दिवशी परत तेच.
मी भरताला बोल लावला.
डॉक्टर म्हणाले, भरीत नाही, कोकिळाताई,
त्या सोडलेल्या गोळ्या.
बरं वाटतं ते गोळीमुळे वाटतं.

आता रोज चार, लांबट, विटकरी.
बडगुजरांच्या मेडिकलमध्ये एका खोक्यात ठेवलेल्या.
एकदा सहज बोलून गेले,
चोपड्यात ह्या दोनच जण नेतात. तुम्ही, आणि एक.
कोण ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पण तेव्हापासून मी गाडीत बघत राहते.
खिडकी सोडून दाराजवळची जागा मागणारा मास्तर?
प्रवासभर पाणीसुद्धा न पिणारी ती पिवळ्या ओढणीची पोरगी?
केळीच्या वखारीतला मुकादम,
चढायच्या आधीच विचारणारा, गाडी थांबेल ना मधी?
एकेकाला तिकीट देताना
मनात त्याच्या आतड्याची चौकशी करते.

फाल्गुनात माल आला नाही. धुळ्यालाही नव्हता.
माझ्याकडे दोन दिवसांच्या उरल्या होत्या.
बडगुजरांनी खोकं उघडलं,
कात्रीनं कापलेली अर्धी पट्टी पुढे केली.
‘शेवटची होती. त्या दुसऱ्यानं अर्धीच नेली.
म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक येईल ना.’
मी पैसे दिले. बाहेर येऊन
स्टँडच्या नळावर उगाच हात धुत राहिले.

काल धानोऱ्याला मुकादम उतरला,
हॉटेलच्या मागे गेला. घाईनं, तिरका चालत.
ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.
मागून कुणी ओरडलं, ओ बाई, बेल मारा ना!
मी मशीनचा कागद काढला, परत बसवला,
परत काढला.
तो असेल, नसेल.
साधं जुलाबाचं दुखणंही असेल.

सात मिनिटं.
तो चढला, माझ्याकडे न बघता, पँटला ओले हात पुसत.
मी दोरी दोनदा ओढली.