आठशे मिली

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं: दिवसाला आठशे मिली.
त्यात चहा आला, आमटीचं पाणी आलं,
गोळीबरोबरचा घोट आला.
मे महिना त्यात कुठेच आला नाही.

कागद फ्रिजवर, लोहचुंबकाखाली.
शेजारी खोकल्याच्या औषधाचा मापाचा पेला.
अप्पा त्याला म्हणतात, "आमचं धरण."

अप्पांनी एकतीस वर्षं माहीमला पाणी सोडलं.
महापालिकेची लांब लोखंडी चावी खांद्यावर,
पहाटे साडेचारला मोरी रोड,
मग कापड बाजार, मग कोळीवाड्याचं टोक.
कुठे किती आटे, सगळं मनगटात.
उन्हाळ्यात गल्ल्याच त्यांना प्यायला घालायच्या.
लोबोबाई कोकम सरबत, काचेचा जग खास त्यांच्यासाठी धुतलेला.
मरियमबी सब्जा घातलेलं गुलाबी दूध,
वर बदामाचा काप, जावयाला देतात तसा.
पेडणेकरांची सून पन्हं आणायची, गूळ अंमळ जास्तच,
आणि पदराआडून हळूच:
"दहा मिनिटं वाढवा ना, तिसऱ्या मजल्यावर चढत नाही हो."
अप्पा पन्हं संपवायचे, मिशी पुसायचे.
दहा मिनिटांचं पुढे काय व्हायचं
ते आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही.

आता शहाळं बंद.
ताकात मीठ बंद, म्हणजे ताकच बंद.
ताडगोळ्यांचं विचारलं तर बाई म्हणाल्या,
"एखादा द्या, पण आतलं पाणी मोजा."
ताडगोळ्यातलं पाणी मोजा!
अप्पा रिक्षात बसेपर्यंत हसत होते,
मग सबंध रस्ता गप्प.

दुपारी अडीचला बर्फाचा ट्रे निघतो.
एक खडा पंधरा मिली, मी वितळवून सिरिंजने मोजलाय.
अप्पा तो चावत नाहीत.
जिभेखाली धरतात, डोळे मिटतात.
पंखा घरघरतो, कावळासुद्धा ओरडायचा थांबलेला.
"कुठवर पोचलात?"
"कापड बाजार," तोंडातला बर्फ सांभाळत, "पाव आटा बाकी."

आम्ही सुरुवातीला लपून प्यायचो.
फ्रिजचं दार हलक्या हाताने,
ग्लास ओट्याखाली वाकून,
निहार तर कोकम घेऊन न्हाणीघरात.
एक दिवस त्याच्या ओठावर लाल मिशी राहिली.
"चोरून पाणी?" अप्पांचा आवाज इतका चढला
की समोरच्या गॅलरीतले लोक बाहेर आले.
"माझ्या घरात चोरून पाणी?"

तेव्हापासून चार वाजता सगळ्यांनी त्यांच्यासमोर प्यायचं.
आगळ किती, जिरं कितपत भाजायचं,
पन्ह्याला वेलची कुटलेलीच, पूड नको,
कलिंगडाला सुरी लावण्याआधी थाप मारून ऐक,
खुर्चीतून हुकूम सुटत राहतात.
निहार घटाघट पितो.
अप्पा त्याच्या गळ्याकडे बघतात,
वरखाली होणाऱ्या त्या छोट्या गाठीकडे,
जुन्या कामगाराने चालू पंपाकडे बघावं तसे.
मला बघवत नाही. मी जिरं शोधायला उठते.

माठ त्यांनीच खिडकीतून हलवून दाराशी आणला,
तिथे खाडीकडचा वारा येतो.
जाता-येता त्याच्या पाझरत्या पोटावर तळवा ठेवतात,
मग तोच ओला तळवा मानेवर.
"हे मोजायचं नाही," मला बजावतात.
मी कागदावर लिहीत नाही.

रात्री पेल्यात चाळीस मिली उरवतात.
कशासाठी ते विचारलं नव्हतं.
परवा उकाड्याने झोप उडाली, उठले,
तर अंधारात अप्पा मोरीच्या नळाशी कान लावून,
हातात पेला.
साडेचार.
नळाने आधी खाकरून घेतलं, हवा सोडली,
मग बादलीत धार.
"दोन आटे कमी दिलेत पोराने," अप्पा पुटपुटले,
आणि सावकाश,
बादलीवरची नजर न काढता,
आपले चाळीस प्यायले.