दीर्घ ई

रुवीत शुक्रवारी दुपारी
एसीखेरीज कुणी बोलत नाही.
टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी.
जुन्याला धाप लागलेली,
नवा इतका गप्प
की चालू आहे का, हे हात लावून बघावं लागतं.
मध्ये एक निळी केबल.

एवढंच करायचंय:
वेबसाइट बनवायचं ते जुनं सॉफ्टवेअर
आणि त्याच्या पोटातलं फोल्डर
इकडून तिकडे.
सोळा वर्षांत चार खोल्या बदलल्या या गावात,
दर वेळी काहीतरी हरवलंच,
एकदा तर कुकरची शिट्टी.
या बिऱ्हाडाला ना टेम्पो ना सुतळी.
सुट्टीवर निघताना तीस किलोत बसवायला
बॅगेवर गुडघा रोवून बसते मी,
तसंही इथे बसावं लागत नाही.

उरलेला वेळ: अकरा मिनिटं.
उरलेला वेळ: तीन तास.
उरलेला वेळ: अकरा मिनिटं.
नवराही असंच सांगतो व्हिसा वाढवताना,
आणखी दोन वर्षं, मग बघू.

नावं सरकत जातात.
दमयंतीचे डबे (ती सांगलीला गेली परत,
तो नंबर आता कुणा बांगलादेशी प्लंबरचा).
मंडळाचा गणपती, आरतीच्या वेळा, वर्गणी रियालात.
डॉक्टर कुरुविलांचा दवाखाना,
शेवटचे वीस रियाल अजून येणं आहे.
परकार टेलर्स.

लोकांना दिसतं ते पान वेगळं
आणि ज्यातून ते निघतं ती फाइल वेगळी.
पान म्हणजे इस्त्री करून टांगलेला सदरा.
फाइलीत खडूच्या खुणा असतात,
कच्चे टाके, मापाची वही,
उसवायचं म्हटलं तर उसवता येतं.
भाडं थकलं की सर्व्हरवाले पान उतरवतात.
परकारांचं उतरवलं
ते गेल्यावर दुसऱ्या वर्षी.
दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात आता.
दुकान उरलंय ते या चारशे एमबीत, कुठेतरी.

पोहोचलं सगळं.
उघडलं तर
मराठीच्या जागी डॉलर, कंस, टिंबं, तुटके आकडे.
पोटात गोळा आला.
मग आठवलं, फॉन्ट मागेच राहिला,
दिराने पुण्याहून पाठवलेल्या सीडीवरचा.
भांडीकुंडी आणली नि भाषा विसरले
जुन्या खोलीत, खुंटीवर.
परत गेले. घेऊन आले.
नव्वद केबी.

अब्दुलगनी परकार, मूळ गाव हर्णै.
वर अरबी, मग इंग्रजी,
आणि खाली, त्यांच्या हट्टाखातर, मराठी:
‘येथे सर्व प्रकारची शिलाइ करून मिळेल.’
पान चढवलं त्याच रात्री फोन.
“बाय, शिलाई दीर्घ गो!
मी सातवीपर्यंतच शिकलो,
पण बर्वे गुरुजींची छडी खाल्लीय या ईवरून.”
करते म्हटलं, उद्या.
पुढे एकदा दुकानात विचारलं,
नवऱ्याच्या पँटची उंची घेताना,
तोंडात टाचण्या धरून.
एकदा ईदचा शीरखुर्मा द्यायला आले तेव्हा.
मग विचारणं सोडलं.

कर्सर इपाशी नेला.
खोडली. दीर्घ लिहिली.
ओळ जराशी लांबली
आणि ‘मिळेल’ खालच्या ओळीत गेला, एकटाच.
ओढून वर घेता आला असता.
राहू दिला.

‘प्रसिद्ध करा’ दाबलं.
सर्व्हर सापडत नाही.
माहीत होतंच.
सेव्ह केलं.

जुना अजून धापत होता.
बंद करायला हात गेला,
म्हटलं असू दे,
मग्रिबच्या अजानपर्यंत.