चौथा कार्बन

धुमाळमामांनी कपाट उघडलं, वहीत सही घेतली.
"काळे सहा, लाल सहा, पांढरे बारा.
मोजून न्या मॅडम."
एक पांढरा कधीचा हरवलाय,
त्याच्या जागी सदऱ्याचं बटण.

कर्वे रोडवर रिक्षात, मांडीवर डबा.
खड्डा आला की रेणू खुळखुळतो.
वीस वर्षं फळ्यावर काढतेय मी हे:
उजवा, डावा, उजवा, उजवा, ग्लुकोज.
उजवा, डावा, डावा, उजवा, गॅलॅक्टोज.
पोरं चुकायची,
मी अर्धा मार्क कापायची.

रास्ता पेठेत, तिसऱ्या मजल्यावर
शलाकाचा मुलगा. नऊ दिवसांचा, अजून नाव नाही,
हळद लावल्यासारखा पिवळा, निळ्या दिव्याखाली.
पाजलं की ओकतो.
डॉक्टर म्हणाले, दूध बंद. आईचंसुद्धा.
तिचा गाउन दोन्हीकडे भिजलेला.
"आत्या, काय आहे गं माझ्या दुधात?"

जेवणाचा ट्रे पुसून घेतला, जोडत गेले.
पाचव्याचा ऑक्सिजन वळून पहिल्याला धरतो,
कडं होतं.
सहावा बाहेरच, उंबऱ्यावर बसल्यासारखा.
पाण्यात हे कडं उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं,
हे सांगायची काही गरज नव्हती.
मला दुसरं काय येतं?

मग चौथ्यावरच्या काड्या उपसल्या,
अदलाबदल केली.
खालचा हात वर.
"एवढंच?"
एवढंच.

ती बघत राहिली. खाली कुणीतरी
स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.
मग तिनं बोटानं तो हात दाबला, खाली, जोरात.
काडी वाकली नाही. निघून आली.
"खाली करता येतच नाही का?"

येतो, म्हटलं. तुझ्या-माझ्या यकृतात
रोज होतो, आपल्याला न विचारता.
करणारा याच्याकडेही आहे गं,
तिथवर नेऊन सोडणारा नाही.

नर्सनं सोयाच्या दुधाचा डबा आणला,
वाटी-चमचा उकळायला सांगितला.
शलाकानं विचारलं, किती चमचे,
आणि मूठ मिटलेलीच ठेवली.

सोमवारी मामांनी मोजलं.
काळे सहा, पांढरे अकरा, बटण एक.
लाल पाच.
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
मी पेन मागितलं
आणि लिहिलं: एक लाल, येणे बाकी.