शीतपेटी परिषद, पाटो

तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात आम्ही नऊजण.
खाली पाटोचा रस्ता, पलीकडे मांडवी,
आणि फळ्यावर आल्दाबाईंचं तिरकं अक्षर:
‘परिषद खुर्च्यांपासून सुरू होत नाही.
मुतारी कुठे आहे, हे पाहुण्याला
विचारावं लागण्याआधी ती सुरू होते.’
मी लिहून घेतलं.
सतरा वर्षं हॉटेलांच्या दारात उभी राहून
हेच तर करत आले,
पण त्यावर एक धडा असतो
आणि धड्याला गुण असतात, हे ठाऊक नव्हतं.

शेजारी काणकोणचा वेळीप, मंडपवाल्यांच्या घरातला.
त्याला जोखमींचा तक्ता भरायला सांगितला.
पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं: वारा.
दुसऱ्यात: मंत्र्याचा उशीर.
तिसऱ्यात, बराच वेळ पेन चावून:
पुन्हा वारा.

प्रात्यक्षिकासाठी बाईंनी एक परिषद रचली
जी कुठेच नव्हती:
अखिल भारतीय शीतपेटी उत्पादक, अधिवेशन दुसरं.
पहिलं का नाही, साईशने विचारलं.
‘पहिल्यातल्या चुका निस्तरायला
कोणीतरी हवं ना रे.’

एकशेवीस प्रतिनिधी. नावं आम्हीच पाडली,
आणि नाव पडलं की स्वभाव आपोआप येतो.
भटिंड्याचा एक, लसणीला हात न लावणारा.
राजकोटच्या दोघी बहिणी, अबोला धरलेल्या,
त्यांना वेगवेगळ्या रांगा.
एक वयस्क गृहस्थ, ज्यांना पुढे बसवायचं
पण ऐकू कमी येतं म्हणून बसवलंय
हे कळू द्यायचं नाही.
रात्री अंथरुणावर पडून
मी त्या म्हाताऱ्याची काळजी करत होते.

खाण्याचा फॉर्म माझ्याकडे होता.
पॅटिस एकशेवीस, पैकी चाळीस बिनमांसाचे,
चहा बरोब्बर दहा चाळीसला.
सही केली, पाठवून दिला,
आणि वर ‘सराव’ एवढाच शब्द लिहायचा राहिला.

दहा चाळीसला लिफ्ट उघडली.
ताळगावचा काजेतान, चार क्रेट, चहाच्या दोन टाक्या,
घामाने निथळलेला, आणि वेळेवर.
त्याने हॉल पाहिला.
ओळीत लावलेल्या खुर्च्या, प्रत्येकीवर फाइल,
फाइलीवर पेन, सगळी एकाच कोनात.
‘मनीस खंय गो बाय?’

कोणी हसलं नाही.
आल्दाबाईंनी घड्याळ पाहिलं,
मागच्या रांगेत जाऊन बसल्या,
गुणपत्रिका मांडीवर घेतली.
‘चालू द्या,’ म्हणाल्या.

वेळीप आधी खिडकीशी गेला. वारा पाहिला.
मग म्हणाला, फेरीचा धक्का.

काजेतानच्याच टेंपोतून टाक्या, क्रेट,
आणि मी बॅजांचा खोका उराशी धरून.
का घेतला, सांगता येणार नाही.
बेतीची बोट लागत होती.
उतरणाऱ्या प्रत्येकाला मी विचारलं
शाकाहारी की मांसाहारी,
सतरा वर्षं ज्या आवाजात विचारलं त्याच आवाजात,
आणि लोक थांबले.
पाटी रिकामी करून परतणाऱ्या एका नुस्तेकान्नीने
स्वागताध्यक्षाचा बॅज पदराला लावून घेतला
आणि लगेच रांग सरळ करायला लागली.
दूर दूर उभ्या दोन पोलीस बायकांना
राजकोटच्या बहिणी दिल्या.
म्हाताऱ्याचा बॅज मात्र कोणाला द्यावासा वाटेना.

तेवीस मिनिटं. एक पॅटिस उरला, तो वेळीपने खाल्ला.

नियोजन: वीसपैकी अकरा.
प्रसंगावधान: वीसपैकी एकोणीस.
कागदपत्रं: शून्य, खाली दोन रेघा.

बिल माझ्या पगारातून हप्त्याने जातं आहे.
त्यावर काजेतानने ग्राहकाचं नाव
ठसठशीत अक्षरात लिहिलंय:
अखिल भारतीय शीतपेटी उत्पादक परिषद.
पहिला हप्ता द्यायला गेले तेव्हा
त्याने वही उघडून विचारलं,
तिसऱ्या अधिवेशनाची तारीख
आताच धरून ठेवू का.