भिंतीवरचा कागद

प्यालो होतो. हे आधी लिहून ठेवा.
केरीत, चोर्ला चढायच्या आधी,
एप्रिलातलं हुर्राक, स्टीलच्या पेल्यातून, तीनदा.
टेंपोत रिकामे क्रेट.
टोमॅटो म्हापशात उतरवून आलेलो.

कणकुंबीच्या नाक्यावर नळी तोंडात दिली.
फुंकलो. परत फुंक म्हणाले, परत फुंकलो.
मशीननं चिठ्ठी काढली, एसटीच्या तिकिटाएवढी.
तीसच्या वर नको असतो आकडा.
माझा एकोणसत्तर.

मग खानापूर. ठाण्यातला बाक.
हवालदार बसलिंगप्पा माणूस वाईट नव्हे,
चहा दिला, मोबाईल काढून घेतला,
आणि रात्री दोनच्या सुमाराला पुढ्यात कागद सारला.
‘इल्ली सही माड्री.’
काय लिहिलंय, विचारलं.
तू प्यालास ते लिहिलंय, म्हणाला.
खोटं नव्हतं.
खरं, एवढंच नव्हतं.

ही अक्षरं मला ओळखीची आहेत.
मिसरूड फुटलं तेव्हा डांबराचा डबा घेऊन फिरलोय,
नंदगडच्या फाट्यावर, रात्रीच,
पाटीवरची एक एक ओळ ब्रशनं मिटवत.
काय मिटवतोय ते वाचता येत नव्हतं.
गावांची नावं असतील.
आईनं रॉकेलनं हात घासले, शिव्या देत,
वास आठवडाभर भाकरीला लागायचा.

पेन उचललं आणि खाली ठेवलं.
हिंमत म्हणून नव्हे हो. झोप अनावर झाली होती.

सकाळी डबा घेऊन पोरगी आली. मलप्रभा.
जिच्या उगमाशी मला धरलं तिचंच नाव.
नववीत आहे. कन्नड सक्तीची, शंभरात एक्याऐंशी.
त्या मार्कांना मी कधी शाब्बास म्हटलं नव्हतं.

तिनं कागद ओढून घेतला,
ओळीखाली बोट धरून मराठीत सांगत गेली.
वाहन क्रमांक. वेळ. मष्णू भरमा घाडी, वय त्रेचाळीस.
दारूच्या अंमलात—
थांबली. आवंढा गिळला. पुढं गेली.
एकोणसत्तर तिनंही वाचलं.
माझ्याकडं बघितलं नाही.

‘आप्पा, अकरा बाटल्या लिहिलंय.’
दोन, म्हणालो. सीटखाली दोनच होत्या.
‘अकरा लिहिलंय.’

मग तिची मान वर गेली, माझ्या डोक्यावर, भिंतीकडं.
तिथं एक कागद रात्रभर लटकत होता.
मी कॅलेंडर समजलो होतो, कुणा मठाचं.
ती वर्गात उभी राहून धडा वाचावा तशी वाचायला लागली:
कशासाठी धरलं ते कळेल अशा भाषेत सांगायचं.
घरच्या माणसाला कळवायचं.
वकील मिळायचा, पैसे नसले तरी मिळायचा.
चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं.

रायटरचं लिहिणं थांबलं.
बसलिंगप्पा भिंतीकडं असा बघत होता,
जणू तो कागद आत्ताच कुणी चिकटवला.

अकराला वकीलीण आली, हेल्मेट हातात. दानम्मा.
तिचं मराठी मोडकं, आवाज मोडका नव्हे.
‘प्यालात ते तुमच्या डोक्यावर. ते मी पुसणार नाही.
बाटल्या मात्र इथं, माझ्यासमोर मोजा.’
मोजल्या. दोन.
कागद नवा झाला. मलूनं परत वाचला,
मग मी खाली मराठीत लिहिलं: वाचून दाखवलं, समजलं.
एरडू म्हणजे दोन. एवढं शिकलो.

दंड भरला. लायसन्स सहा महिने गेलं.
नाक्यापुढच्या वळणावर शाळेची पोरं सकाळी चालत जातात.
मी रात्री होतो, एवढंच.
ते कुठल्या कागदात आलेलं नाही.

आठ दिवस मलू माझ्याशी बोलली नाही,
दोन्हीतल्या कुठल्याच भाषेत.
नवव्या दिवशी प्रगतीपुस्तक पुढ्यात टाकलं.
पालकाची सही पाहिजे.

काय लिहिलंय, विचारलं. आधी वाचून दाखव.

उभ्या उभ्याच वाचलं तिनं.
सावकाश. एक विषय सोडला नाही.