समुद्रसपाटीवरचं उत्तर

चौदावं गणित.
दोन लिटर पाणी, पंधरा अंशांपासून उकळीपर्यंत.
उष्णता किती लागेल?

सोपं आहे आई, विल्मर म्हणतो,
वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातला फरक.
माझ्या पोराच्या तोंडी हे शब्द
गॅसच्या ट्रकच्या घंटेसारखे येतात,
एका दमात, आणि पुढच्या गल्लीत निघूनही जातात.
मी वहीवर बोट ठेवून मागे धावते.

एक्केचाळिसाव्या वर्षी रात्रशाळेत नाव घातलं.
कारकुनाने विचारलं, इतक्या उशिरा?
म्हटलं, दिवसा अंडी विकते.

मोल मला पटकन कळलं.
तो म्हणाला, डझनासारखा एक आकडा समज.
म्हणजे आमचं माप्लेच की,
तीस अंड्यांचा ट्रे, एखादं तडकलेलं धरून.
यांचा ट्रे जरा मोठा,
सहावर तेवीस शून्यं, आणि एकही तडकलेलं नाही.
एवढं मोजत बसलं कोण?
तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.
मोजणारा मोजो. मोल शेवटी गिऱ्हाईकच ठरवतं.

समीकरणंही जुळवते मी.
डावीकडे जेवढे ऑक्सिजन तेवढेच उजवीकडे;
उधारीच्या वहीत तरी दुसरं काय असतं?
काही विरून जात नाही,
कुणाकडे तरी निघतंच.

पण हे चौदावं.
उकळी म्हणजे शंभर, विल्मर म्हणाला.
कुठे शंभर?
सगळीकडे. पुस्तकात आहे.

मी उठले, पातेलं ठेवलं.
शाळेतून सही करून आणलेला थर्मामीटर
दोऱ्याने पळीला बांधून आत सोडला.
दोघं वाकून बघत राहिलो, डोक्याला डोकं लागेपर्यंत.
साठ.
सत्तर. तळाशी किनोआच्या दाण्याएवढे बुडबुडे.
सत्त्याऐंशीला पाणी खदखदलं
आणि पारा तिथेच बसला.
आच वाढवली. पाणी नाचलं, झाकण नाचलं,
पारा ढिम्म.

बावीस वर्षं सासूने ऐकवलं,
प्लासिदाच्या हातचा बटाटा आतून कच्चा.
दोष हवेचा होता, बाई,
चार हजार मीटरवर तिच्यात वजनच नाही,
पाण्याला दाबून धरणार कशी?
सासू आता नाही. बटाटे अजून तेवढाच वेळ घेतात.

आमचं उत्तर आलं सहाशे दोन किलोज्यूल.
पुस्तकाच्या मागे सातशे दहा पूर्णांक सहा.
विल्मरने तीनदा गुणाकार केला,
पेन्सिलचं टोक चावलं,
मग म्हणाला, हे पुस्तक समुद्रकाठी लिहिलंय.

आमच्या देशाला समुद्र नाही.
होता, मग नव्हता, तो इतिहासाच्या तासाला येतो
आणि तिथे मास्तरांचा आवाज चढतो.
रसायनाच्या तासाला तो असा
गुपचूप, शंभर अंशांवर उकळत येतो.

शंभरच लिही आई, पोरगा म्हणाला, गुण जातील.
लिहिलं. सातशे दहा पूर्णांक सहा.
खाली बारीक अक्षरात:
एल आल्तोमध्ये, आमच्या शेगडीवर, सहाशे दोन.
पातेलं ॲल्युमिनियमचं. झाकण होतं.

लिमाची सरांनी वरच्या उत्तराला बरोबरची खूण केली.
खालच्यावर काही नाही,
फक्त लाल शाईचा एक ठिपका,
पेन टेकवून, थांबून, उचलल्यासारखा.

पंधराव्यात एक गाडी आहे.
चढावर ढकलायची आहे. घर्षण नगण्य माना.

मानलं.
तिच्यात अंडी किती आहेत, ते मात्र दिलेलं नाही.